मागच्या चाकाची वेळ

तलावाच्या कडेकडेने, समोरचा वारा छातीवर घेत माइते अकरा किलोमीटर आली, तेव्हा कुठे तिला कळलं की आपल्या मागच्या चाकाला कुणीतरी चिकटलंय. आता पुढच्याने वारा कापला की मागच्याला आयता आडोसा मिळतो. म्हणून थोड्या वेळाने मागच्याने पुढे यायचं आणि आपल्या वाटणीचा वारा खायचा, हे त्रुयेर नदीच्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि हा बाबा बघा... अकरा किलोमीटर आयत्या बिळावर नागोबा!

"पुढे यायचा विचार आहे, की घरापर्यंत पोचवू?" ती मान न वळवता ओरडली.

"पोचवलंस तर उपकार होतील," मागून धापा टाकत आवाज आला. "पण घर मागेच राहिलं. धरणापाशी वळायचं होतं मला."

"मग वळला का नाहीस?"

"तू... वळली नाहीस ना."

सायकलवर बसलं की इथे अनोळखी माणसालाही अरे-तुरेच करतात, पण हे जरा अतीच झालं. माइतेने पेडल मारणं थांबवलं. तो शेजारी आला. उंच, काटकुळा, कान लालबुंद, नाकाच्या शेंड्यावर पावसाचा एक थेंब लोंबकळतोय आणि खालची सायकल कुणा बुटक्याकडून मागून आणलेली. नाव रेमी. ईस्टरपासून धरणावर यंत्रं दुरुस्त करायला आलेला.

"दोनदा पुढे यायला गेलो," तो म्हणाला. "जमलंच नाही. फार जोरात चालवतेस तू."

एवढं साधं वाक्य! पण माइते बघतच राहिली. आपण काही लाजिरवाणं बोललो, हे त्याच्या गावीही नव्हतं.

तिच्या लाप्रादेल गावात असं बोलणारा पुरुष अजून जन्मायचा होता. चढावर माइते पुढे गेली की एकाची साखळी निसटायची, दुसऱ्याचा गुडघा दुखायचा आणि चीज कारखानेवाल्यांच्या गिलॉमला तर नेमका तेव्हाच फोन यायचा. तिचे वडील फेर्नां गावचे खाटीक आणि सायकल क्लबचे अध्यक्ष. पोरीला सायकल त्यांनीच शिकवली आणि आता तेच रोज कानीकपाळी ओरडायचे, "जरा हळू चालव गं! ज्याला मागे टाकशील तो उद्या लग्नाला उभा राहील का?"

"नको राहू दे. दम लागला असेल तर बसू दे," माइते म्हणायची. चोवीस वर्षांची झाली तरी जिभेला हाड नव्हतं तिच्या.

मग काय, उन्हाळाभर दोघं घळीतून सायकली हाणू लागली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल हिरवं पाणी. माइते पुढे निघून जायची आणि जुन्या पुलापाशी, नदीत पाय सोडून, जर्दाळू खात त्याची वाट बघायची.

"आज किती?" तो येऊन धपकन बसायचा.

"चार मिनिटं."

"काल साडेचार होती. बघितलीस प्रगती? दे इकडे जर्दाळू."

"हरलेल्याला बिया मिळतात."

"बिया तर बिया. हात तुझा असला म्हणजे झालं."

ती त्याच्या अंगावर पाणी उडवायची, पण गाल तिचेच तापायचे. एकदा तिने सुरुवात केली, "रेमी..." तो म्हणाला, "हं?" आणि तिने जर्दाळूची बी पाण्यात भिरकावली. "काही नाही. ऊठ, पाय आखडतील."

सप्टेंबरात गावाच्या जत्रेला जोडीची शर्यत असते. धरणापासून घळीतून वर चर्चच्या चौकापर्यंत. दोघांनी मिळून यायचं. वेळ धरायची ती मागच्याच्या चाकाची, पुढचा कितीही आधी पोचो. फेर्नांनी परस्पर माइते आणि गिलॉमची जोडी लावून टाकली. कॅफेच्या दारावर यादी लागली. माइतेने तिथल्याच पेन्सिलीने गिलॉमवर काट मारली आणि वर लिहिलं रेमी.

दुपारी दुकानात भडका उडाला.

"तो धरणावरचा?" फेर्नांनी सुरा ओट्यावर आपटला. "शेवटून पहिली येशील त्याच्याबरोबर!"

"येईन."

"गिलॉमबरोबर हमखास जिंकशील. घराणं चांगलं, पोरगा चांगला..."

"आणि मी पुढे गेले की त्याला फोन येतो, पप्पा. आयुष्यभर त्याच्या फोनची काळजी मी का करू?"

"मग क्लबची जर्सी घालून जायचं नाही!"

माइतेने जर्सी आणून वजनकाट्यावर ठेवली. "ही घ्या. सॉसेजशेजारी टांगा."

बोलून तर बसली, पण रात्री उशी तिने दोनदा उलटी केली. हरण्याची भीती नव्हतीच. भीती वेगळीच होती. सगळ्या गावादेखत ती पूर्ण जोर लावणार, आणि त्यानंतर रेमीचाही गुडघा दुखायला लागला तर? तो असं काही करणार नाही यावर तिने सगळं पणाला लावलं होतं. तोही तसलाच निघाला असता तर तिला ते सोसलं नसतं.

शर्यतीच्या दिवशी भुरभुर पाऊस होता. माइते जुना करडा स्वेटर घालून आली. कठड्यांवर छत्र्या घेऊन गाव बसलं होतं आणि सगळ्यांच्या गप्पांना ऊत आला होता.

शिट्टी वाजली. माइते पुढे, रेमी मागे. पहिल्या वळणावर कुणीतरी ओरडलं, "जर्सी कुठे हरवली गं?" तिने गिअर वाढवला. दुसऱ्या वळणावर, एरवी टोमणेच मारणाऱ्या चीजवाल्या बेर्तआजीने छत्री नाचवली, "अगं धर ब्रेक, पोरी! गडी मागे सुटला की तुझा!"

झालं! माइतेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जन्मभर हेच ऐकत आले... धर ब्रेक, हळू जा! नाही धरत, जा! ती उभी राहून पेडलं हाणू लागली. बिचारी बेर्तआजी या खेपेला टोमणा मारत नव्हती, खरंच सांगत होती, पण माइतेला ते कळणार कसं?

चौथ्या वळणावर तिने सहज खाली पाहिलं. रस्ता रिकामा. दोन वळणं खाली एक काटकुळा माणूस डुलत डुलत चढत होता.

ती थांबली. मागच्या जोडीतला गिलॉम शेजारून गेला आणि हसून म्हणाला, "शेवटी शिकलीस थांबायला!"

तिच्या अंगाची लाहीलाही झाली. वर चौक, खाली तो. इथे उभं राहिलं तर गाव म्हणणार, बघा, जिरली. आणि पुढे जाऊन तरी काय मिळणार, वेळ तर त्याच्याच चाकाची. पण घड्याळाचं राहू दे. त्याने हाक का मारली नाही? एक हाक तर मारायची!

तिने सायकल वळवली आणि सगळ्या गावादेखत उतारावरून उलटी खाली आली.

"हाक का नाही मारलीस?" ती किंचाळली.

रेमीचा चेहरा बीटासारखा झाला होता. "हळू जा..." त्याने श्वास घेतला, "...असं सांगणारे... पुष्कळ आहेत तुला. त्यात मी... नाही भर घालणार."

माइतेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मूर्ख! महामूर्ख आहेस तू!" असं म्हणत ती त्याच्या बाजूला आली आणि त्याच्या पाठीवर तळवा टेकवून जोर लावला. या शर्यतीत ढकलायला मुभा असते, पण बाईचा हात पाठीवर घेणारा पुरुष या चढाने कधी पाहिला नव्हता.

"सगळे बघतायत," ती हळूच म्हणाली.

"बघू देत. जरा डावीकडे धर... तिथे उसण भरलीय." आणि उरलासुरला दम गोळा करून तो कठड्याकडे ओरडला, "बघताय काय? तुम्हाला असं ढकलणारं आहे का कुणी?"

बेर्तआजी खो-खो हसत सुटली, "नाही रे बाबा! बेचाळीस वर्षं मीच ढकलतेय!" आणि सगळा कठडा हसायला लागला.

ती दोघं सगळ्यांत शेवटी पोचली. रेमीचं चाक रेषेवरून गेलं तसं फेर्नांनी घड्याळ दाबलं. त्यांनी आकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आयुष्यभर घसा कोरडा केला मी, थांब म्हणून," ते म्हणाले. "एकदा थांबली नाहीस. आज कशी थांबलीस?"

"आज त्याने सांगितलं नाही ना, पप्पा."

फेर्नांनी घड्याळ खिशात टाकलं.

रेमी चर्चच्या पायऱ्यांवर पावसात आडवा पडला होता. माइते त्याच्यासमोर उभी राहिली. सगळा चौक बघत होता, म्हणून तिने आवाज मुद्दाम चढवला.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर. कळलं?"

रेमीने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. त्याने एक बोट वर केलं. "जरा... थांब... दम घेऊ दे... मग मीही..."

"थांबते," माइते म्हणाली आणि त्याच्या शेजारी ओल्या पायरीवर बसली.