कोरी काच

दहा मिनिटं झाली तरी काच कोरीच होती.

लाल कंदिलाच्या उजेडात अन्वरीनं तबक हलवून पाहिलं. परंड्यात फोटो काढायचे ते दादामियाँनी, आणि अंधाऱ्या खोलीत मसाला कालवून फोटोची काच धुवायची, चित्र उमटवायचं ते तिनं, त्यांच्या बायकोनं, हा बारा वर्षांचा रिवाज. परवाच्या काचाही नीट आल्या होत्या.

आणि आज रुसली कुठली, तर ही. धुरपदाबाईची लेक पाय घसरून विहिरीत पडली, असं जावई हिंमतराव सांगत होता. गळ्यावर बोटं उमटलीत, असं आई म्हणत होती. पोलीस ठाण्याचे अमीन वीरप्पांनी काल सरणाआधी दादामियाँकडून फोटो काढवून घेतला, काच स्वतःच्या ताब्यात ठेवली आणि आज धुवायला आणून अन्वरीच्या हाती दिली. लेकीची राख झाली होती. आता पुरावा एवढाच. धुरपदाबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती.

"हायपोत टाक की आता," दारापलीकडून दादामियाँ म्हणाले. "रोज्यात चुकलं असंल कायतरी."

अन्वरीनं टाकली नाही. हायपो काच आहे तशी पक्की करतो; त्यात गेलेल्या कोऱ्या काचेवर पुन्हा काही उमटत नाही. तिनं ती साध्या पाण्यात ठेवली आणि मसाल्याला जोर देणाऱ्या सोड्याची बरणी उघडली.

एरवी ती प्रत्येक पूड जिभेला लावून बघे. "जहर खाशील एक दिवस," म्हणून दादामियाँ करवादत. आज रोजा, म्हणून चाखली नव्हती. तिनं चिमूटभर पूड ओल्या बोटांत चोळली. सोडा साबणासारखा बुळबुळतो. ही पूड बोटं आखडून टाकत होती. फिटकरी, म्हणजे तुरटी.

उजेड लागू नये म्हणून काचेवर तबक पालथं घालून, वर गोधडी टाकून ती न्हाणीतला कपड्यांचा सोडा घेऊन आली. भांडी विसळली, काच दोन पाण्यांतून काढली, मसाला नव्यानं कालवला. चौथ्या मिनिटाला गळा उमटला. काचेवर रंग उलटे, म्हणून काळ्या गळ्यावर चार पांढरी बोटं. मग तिनं काच हायपोत सोडली.

ओसरीवर थांबलेल्या अमीनसाहेबांनी ओली काच उजेडात धरली.

"मग आधी कोरी का?"

"सोड्याच्या बरणीत फिटकरी भरली होती."

"चुकून?"

"परवा सोडाच होता. फोटो काढल्यावर भरलीय."

"खोलीत कोण जातं?"

"मी आन् हे."

"चाखलं असतं तर कळलं असतं?"

"लगेच. रोज्यात मी चाखणार न्हाय, हे भरणाऱ्याला ठाऊक होतं. आन् मी चाखते, हे एकाच माणसाला ठाऊक हाय."

दादामियाँ पुढे आले.

"हिंमतरावाचा माणूस आला होता," ते म्हणाले. "घर पेटवतो म्हणाला. काच साहेबांपाशी, फोडणार कशी? वाटलं, बाईमाणसाची चूक म्हणून निभंल."

"म्हंजे माझी चूक," अन्वरी म्हणाली. तिला राग यायला हवा होता. आला नाही.

धुरपदाबाईनं काचेच्या कडेला बोट लावलं. "माझीच लेक हाय," एवढंच म्हणाली.

अमीनसाहेब दादामियाँना घेऊन गेले. रोजा सोडायची अजान झाली. अन्वरीनं सवयीनं दोन खजूर काढले, एक परत ठेवला. दुसरा जिभेवर ठेवला. त्याला काहीच चव नव्हती.