धाकट्याची बाजू

तलवार पुठ्ठ्याची होती, पण बसनं ब्रेक मारला आणि तिचं टोक समोर बसलेल्या माणसाच्या कानाला लागलं.

"अय्यो!"

"सॉरी, सॉरी... मन्निच्चिडुंगा," मी घाईघाईनं म्हटलं.

चेन्नईजवळच्या कोवलमच्या शाळेतला कार्यक्रम उरकून मी परत निघाले होते. इतिहासातल्या गोष्टी शाळेतल्या मुलांना नाटक करून सांगायच्या, हे माझं काम. राजा मीच, सरदार मीच, वेळ पडली तर घोडाही मीच. भाषा म्हणाल तर थोडी इंग्रजी, थोडी मोडकीतोडकी तमिळ आणि आरोळ्या तेवढ्या मराठीत. खिडकीतून खारा वारा येत होता, आणि मी एका हातानं दांडा धरून पुढच्या प्रयोगाचे संवाद पुटपुटत होते — "भित्रा! रातोरात पळाला!"

"कोण पळाला?"

मी दचकले. प्रश्न मराठीत होता! विचारणारा तोच, कानवाला. तिशीचा, सावळा, आणि चष्म्याआडचे डोळे इतके गंभीर, की चेष्टा करतोय की खरंच विचारतोय, ते कळेना.

"व्यंकोजी राजे," मी म्हटलं. "शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. तंजावरचे."

"ठाऊक आहे. आमचे राजे ते." त्यानं कान चोळला. "आधीं मज तलवार मारिलां, मग आमच्या राजांस भित्रा म्हटलां. एका बसमध्यें इतकं पुरे कीं."

मला हसू आवरेना. अशी मराठी मी आयुष्यात ऐकली नव्हती. शब्द जुन्या बखरीतले आणि हेल मात्र अस्सल मैलापूरचा.

त्याचं नाव वेंकटरमण. घरचे रमण म्हणतात. मूळ मराठी घराणं तंजावरचं, आता चेन्नईच्या मैलापुरात. शाळेत आठवीला इतिहास शिकवायचा. कोवलमला एका जुन्या विद्यार्थ्यानं नवी होडी घेतली, तिच्या पूजेला आला होता. आणि हातातली पिशवी त्यानं अंगापासून जेवढी लांब धरता येईल तेवढी धरली होती.

"त्यात काय आहे?"

"इरा. म्हणजे... कोळंबी. त्यानं प्रेमानं दिली. नको कसं म्हणूं? घरीं नेली तर अम्मा मज जिन्यांत जेवूं घालेल." तो जरा घुटमळला. "तुम्ही खातां कीं?"

"मी? सोडते होय!"

पिशवी माझ्या हातात आली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती मी अजून विसरलेले नाही. पहिल्या भेटीत लोक फुलं देतात. मला कोळंबी मिळाली.

तिरुवान्मियूरला उतरताना तो म्हणाला, "आमच्या शाळेंत या. तीच गोष्ट करा. पाहूं आमचे राजे कसे पळतात."

मी गेले. रिकाम्या वर्गात त्याच्या एकट्यासमोर मी माझा हुकमी प्रवेश करून दाखवला. महाराज दक्षिणेत आलेत, कोळ्ळिडम नदीच्या काठी छावणी पडली आहे. धाकट्या भावाला भेटीला बोलावलंय. मोठा म्हणतो, वडिलांच्या दौलतीतला माझा अर्धा वाटा दे. धाकटा देत नाही, आणि एका रात्री नदी ओलांडून गुपचूप निघून जातो. इथे मी धोतर गुडघ्यावर घेऊन, पगडी सांभाळत तीन उड्या मारायचे, जोडा विसरला म्हणून परत यायचे, पुन्हा पळायचे. मग तुतारी. आजवर एकही शाळा अशी नव्हती जिथे पोरं हसून लोळली नाहीत.

रमण हसला नाही.

"पळाले हे खोटं का?" मी कमरेवर हात ठेवून विचारलं. माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर.

"खोटं कोण म्हणतं? निघून गेले हे खरंच. कशास गेले, ते कोठें दाखविलां तुम्ही?"

"घाबरून. आणखी कशाला?"

"घाबरूनच. पण तनयाबाई... जन्मांत फारसा सहवास नसलेला थोरला भाऊ, एवढा मोठा, एवढा पराक्रमी, फौजेसह येतो नि म्हणतो, अर्धं दे. तुम्ही काय केलां असतां?"

मी तुतारी पिशवीत कोंबली.

पुढच्या आठवड्यात त्याच्या आईनं, राजसबाईंनी मला जेवायला बोलावलं. केळीच्या पानावर भात, आंबट वरण आणि दह्यात कालवलेलं डांगर. डांगर पाहून मला साताऱ्याचं घर आठवलं आणि एकदम भरून आलं. राजसबाई वाढता वाढता म्हणाल्या, "तुमचे महाराज मोठे. आम्हीं नाहीं म्हणतच नाहीं. देवघरांत आहेत, पाहा. पण बाळ, धाकटे पाय रोवून येथें राहिले म्हणून आम्ही आहोंत. आमच्या घरांत त्यांस पळालेले कोणी म्हणत नाहीं."

घास माझ्या हातातच राहिला. साताऱ्याच्या शाळेत मी ही गोष्ट ऐकली, साताऱ्याच्याच बाजूनं सांगत आले, आणि तीही कुठे? तर त्या धाकट्याच्या माणसांत येऊन! ज्यांच्या घरी पाहुणी म्हणून जेवायचं त्यांच्याच पूर्वजाची टिंगल करायची, आणि वर टाळ्या घ्यायच्या. मला माझीच लाज वाटली.

तरी सहज हार मानीन तर मी कसली?

"ठीक आहे. व्यंकोजी तुम्ही करा," मी रमणला म्हटलं. "नदीकाठी पाहिजे तेवढं थांबा. पण आठवीची पोरं आहेत. चुळबुळ सुरू झाली की मी तुतारी वाजवणार आणि तुम्ही तीन उड्या मारणार. कबूल?"

"कबूल." मग हलकेच, "पण तुम्ही तुतारी वाजविणार नाहीं."

"एवढा विश्वास?"

"तुतारीवर नाहीं..." असं म्हणून तो फळा पुसू लागला. तो कोराच होता.

मग रोज शाळा सुटली की तालीम. संध्याकाळी समुद्राचं वारं सुटायचं, वर्गाच्या खिडक्या आपटायच्या, तो त्या लावायला उठायचा आणि परत येऊन बसताना जरा जवळच्या बाकावर बसायचा. माझी तमिळ दुरुस्त करायचा. मी त्याचं धोतर. एकदा पगडी बांधून देताना माझी बोटं त्याच्या कपाळाला लागली, आणि आम्ही दोघंही पुढचं वाक्य विसरलो.

"तुमचं वाक्य आहे," मी म्हटलं.

"नाहीं... तुमचं."

"मग म्हणत का नाही मी?"

"तेंच मी पाहतों आहें."

मी त्याच्यात गुंतत चालले होते. हे कळायला काही मोठी अक्कल लागत नाही. पण बाबा आवडी या उपनगरातल्या कारखान्यातून महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. साताऱ्याला जायचं पक्कं झालं होतं, ट्रक ठरला होता, आणि माझ्या पुस्तकांची खोकी धरून तो मोठाच सांगितला होता. रमणला हे मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तो "सेरी" म्हणाला होता, म्हणजे "बरं". नुसतं सेरी! नंतर त्यानं तो विषय काढला नाही, आणि माझं म्हणाल तर... ज्यानं थांब म्हणावं त्यानं म्हटलं नाही, तर आपण होऊन कसं थांबायचं?

प्रयोग फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी झाला. शाळेच्या सभागृहात मुलं दाटीवाटीनं बसली होती. मागच्या रांगेत मुख्याध्यापिका कनका मॅडम, राजसबाई, आणि खास आवडीहून आलेले आमचे बाबा. दोन मुली निळी साडी दोन्हीकडून धरून हलवत होत्या. ती कोळ्ळिडम. तंबूत मी, थोरला भाऊ, झोपेचं सोंग घेऊन पडलेले. उशाखाली तुतारी.

धाकटा उठला. नदीपर्यंत गेला. थांबला.

तो थांबला तो थांबलाच. पंखे तेवढे घरघरत होते. कुठेतरी बाक करकरला. कोणी खोकलं. डाव्या बाजूनं एक खुदखुद आली. माझा हात उशाखाली गेला, तुतारी बाहेर आली, ओठांशी आली...

रमणनं वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत व्यंकोजी किती आणि रमण किती, हे मला सांगता येणार नाही. मी तुतारी खाली ठेवली.

मग जे झालं ते तालमीत नव्हतं. तो परत आला. माझ्या पायांशी वाकला, जमिनीला डोकं टेकवलं, माझी झोप मोडणार नाही इतक्या हळू म्हणाला, "येतों, दादा." आणि उठून नदीपार गेला. पुन्हा वळला नाही.

आठवीचा वर्ग गप्प होता. अख्खा वर्ग, अगदी गप्प.

मी उठून बसले, रिकामी जागा पाहिली. "का गेला?" मी म्हटलं. "मी काय त्याला कैद करणार होतो?" 

टाळ्या संपल्यावर मुलांचे प्रश्न, तमिळमधून. रमणचा हा नियमच, नाटक झालं की प्रश्न विचारायचे. भव्या नावाची एक मुलगी उभी राहिली. "सर, त्यांनी खरंच नमस्कार केला होता?"

"नाही," रमण सरळ म्हणाला. "ते मी घातलं. पुस्तकात नाही. रात्री निघून गेले एवढंच आपल्याला ठाऊक आहे. मनात काय होतं, ते शोधायचं असतं, आणि सापडलं नाही तर सापडलं नाही म्हणायचं."

"मग नंतर ते परत भेटले?"

"नाही. लढाई झाली, तह झाला, पत्रं गेली-आली. भेट झाली नाही. तीन वर्षांत थोरले वारले."

"पण सर," ती रडवेली झाली, "उठवायचं ना! उठवून बोलायचं!"

सगळे हसले. मी हसू शकले नाही. त्या मुलीनं जणू माझाच कान धरला होता.

सभागृह रिकामं झालं. ती निळी साडी घडी करायची होती. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. घडी घालायची म्हणजे दोघांनी चालत जवळ यावं लागतं.

"भव्या बरोबर बोलली," मी म्हटलं.

"हो."

"रमण... ट्रक गुरुवारी आहे."

"ठाऊक आहे."

तो अजून गप्पच! तेव्हा मी माझ्या बाजूचं टोक घट्ट धरलं आणि बोलून टाकलं — "तुम्ही मला आवडता. नुसते आवडत नाही, फार आवडता. निमूट निघून जायचं आणि मग साताऱ्याहून मेसेज पाठवत बसायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही. तुमच्या मनात नसेल तर तसं सांगा. पण सेरी म्हणू नका!"

त्याच्या हातातलं टोक सुटलं. साडी दोघांच्या मधे जमिनीवर पडली.

"मज भय वाटलं," तो म्हणाला. "तुमचं घर, तुमची माणसं तिकडे. मी अर्धं मागणारा कोण? म्हणून गप्प राहिलों. रोज घरून ठरवून येत होतों, आज बोलेन. रोज फळा पुसत होतों."

"आता बोला."

त्यानं चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. आणि एवढा इतिहास बोलणारा माणूस दोनच शब्द बोलला, तेही पहिल्यांदाच एकेरीत.

"जाऊं नको."

मी नाही गेले. म्हणजे त्या क्षणी तर मला जागचं हलताच येत नव्हतं. तेवढ्यात दारातून कोणी खाकरलं. बाबा. कधीपासून उभे होते कोण जाणे. त्यांनी आधी रमणकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग जमिनीवर पडलेल्या साडीकडे.

"तनू," ते म्हणाले, "त्या ट्रकवाल्याला फोन करतो मी. लहान गाडी पाठव म्हणून सांगतो."