नडगीने केलेली चुगली

कुबडी निसटली, फरशीवर आपटली आणि थेट प्रगतीच्या पायावर आली.

"आई गं!"

"लागलं का ओ? तुमचं बी मोडलं तर नाय ना…?"

जव्हारच्या दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या प्रगतीने रागाने वर पाहिलं. एका पायावर तोल सावरत उभा असलेला तो उंच तरुण इतका घाबरला होता, की तिला हसूच फुटलं. सूर्यमाळचा हेमराज. भात झोडताना बांधावरून पडून त्याची नडगी मोडली होती आणि प्लास्टर आज सकाळीच निघालं होतं. डॉक्टरांनी पाय टेकवून चालायला सांगितलं, तर हा पाय अधांतरी धरून उभा!

"मना भ्याव वाटतं, मॅडम. परत मोडलं तर?"

"हाड म्हणजे काच नाही हो. भार पडला की ते अगदी कणभर वाकतं, पुन्हा सरळ होतं. त्या वाकण्यातूनच त्याला कळतं, कुठे भर घालायची ते."

"आन् भारच नाय दिला तर?"

"तर आतून विरळ होतं. फिल्मवर काळपट दिसतं."

हेमराजचा चेहरा उतरला. होळीनंतर गावात बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून नाचायचा सोंगांचा उत्सव होता. त्यात रावणाचं सोंग त्यांच्या घराकडे, आजोबांपासून. जड लाकडी मुखवटा चढवून नाचायचं आणि यंदा पाळी त्याची. तो नाचला नाही, तर सोंग चुलत्याच्या घरी जाणार होतं.

"मग टेकवा की पाय!" प्रगती म्हणाली.

पण छे! व्यायामाला म्हणून तो येई तो दोन्ही कुबड्यांवर लोंबकळतच. आणि व्यायाम राहिला बाजूला, स्वारी एक्स-रेच्या दाराशीच रेंगाळे. कधी खिशातून गावची बोरं काढून पुढे करी.

"कुबड्या घेतलेला रावण सीतेला पळवणार कसा?" तिने एकदा चिडवलं.

"पळवायचं कशाला…" तो बोरांकडे बघत म्हणाला, "विचारायचं."

प्रगतीने घाईघाईने तोंड फिरवलं. कान मात्र लाल झाले होते.

तिचा जीव टांगणीला लागला. त्याचं हाड भरावं म्हणून ती मनापासून झुरत होती. आणि ते भरलं, की हा यायचाच थांबेल… हेही तिला सोसवत नव्हतं. आपण प्रेमात पडलोय, हे कळायला तिला फार वेळ लागला नाही.

मोहाच्या फुलांचा वास खिडकीतून आत येऊ लागला, होळी तोंडावर आली, आणि डॉक्टरांनी शेवटची फिल्म मागितली. काळपट हाड दिसणार या धास्तीने प्रगतीने पडद्याकडे पाहिलं, आणि ती बघतच राहिली. जुळलेल्या जागेभोवती हाड चांगलं दाट भरलं होतं. पांढरंशुभ्र, ठणठणीत! टेकवलाच नाही त्या पायाचं हाड असं भरत नाही.

"हेमराज, खरं सांगा. कधीपासून चालताय?"

"मी? मी कुठं चालतोय…"

"तुमची नडगी सांगतेय."

तो हळूच म्हणाला, "चालत नाय… नाचतो. रोज सकाळी, मुखवटा घालून. घरामागं."

"आणि इथे हे नाटक? मी तिकडे देवाला नवस बोलले, तुझं हाड भरू दे म्हणून!" तिचे डोळे भरून आले. संतापाने की आनंदाने, तिचं तिलाच कळेना.

"बरा झालो सांगलं, तर इथं काय म्हणून येऊ?" तो म्हणाला. "तू आवडतेस मना. तुला बघाया येतो मी… दुसरं काय नाय."

प्रगतीने डोळे पुसले.

"दवाखान्यात आता यायचं नाही."

त्याची मान खाली गेली.

"पोशेऱ्याला ये, आमच्या घरी. रविवारी बाबा असतात."

हेमराजने एकदम वर पाहिलं. आधी हसला, मग पुन्हा घाबरला. "आन् त्यांनी विचारलं, कशाला आला, तर? काय सांगू?"

"खरं तेच सांग," ती म्हणाली. "खोटं तुला पचत नाही."