लाल बटण

गाडी आडवी झाली ती थेट त्याच्या पायावर.

माझं म्हणणं होतं, मी काहीच केलं नाही. मी नुसती बसले होते. मोटरसायकल शिकवण्याच्या त्या दोन दिवसांच्या वर्गात शनिवारी, पहिल्या सकाळी कोणी इंजिन चालूच करायचं नव्हतं. दोघांत एक गाडी. एकानं वर बसायचं, जोडीदारानं मागून ढकलायचं, आणि बसणाऱ्यानं तोल सांभाळत ब्रेक लावायला शिकायचं. माझ्या वाट्याला हा आला होता. त्यानं ढकललं, मी घाबरले, हँडल वळलं, त्यातच पुढचा ब्रेक आवळला — आणि धप्प.

"पाय... पाय ठीक आहे का तुमचा?" मी जमिनीवरूनच विचारलं.

"असावा. गाडीखाली आहे, त्यामुळे दिसत नाहीये."

आमच्या शिक्षिका धावत आल्या. गळ्यात सदा शिट्टी, म्हणून सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणायचे. त्यांनी आधी ना मला उचललं ना त्याला. उजव्या मुठीजवळचं लाल बटण दाबलं आणि आमच्याकडे बघत म्हणाल्या, "हे दाबलं की इंजिन बंद, आणि परत वर करेपर्यंत चालू होत नाही. गाडी पडली, घसरली, हातातून सुटली, आधी हे. रडारड नंतर. इंजिन चालू असो नसो, हाताला सवय लागली पाहिजे."

मी नर्स आहे. माझ्यामुळे कोणाला लागलं आणि मी बघत बसले, असं होणं शक्य नाही. त्याला कट्ट्यावर बसवून बूट काढायला लावला आणि घोटा चाचपून बघितला.

"इथे दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"दुखतं म्हटलं तर अजून थोडा वेळ बघाल?"

माझे कान गरम झाले. मी बूट त्याच्या हातात दिला आणि गाडीकडे चालू लागले. मला हे असलं काही परवडणारं नव्हतं.

कारण मी हौस म्हणून आले नव्हते. डोंगराकडच्या छोट्या दवाखान्यात एक जागा निघाली होती. घरोघरी जाऊन बाळंतिणींना बघायचं, एकटीनं, आपल्या जबाबदारीवर. वॉर्डात माझ्या वर मोठ्या सिस्टर, त्यांच्या वर डॉक्टर, आणि मी आपली थर्मामीटर झटकत उभी... तिथून सुटायची ही पहिलीच वाट. अट एकच. तिकडच्या रस्त्यांवर मोटरसायकलशिवाय गत्यंतर नाही, तेव्हा रविवारची परीक्षा पास व्हायची. नाही झाले तर जागा दुसरीला. आणि मी तर साध्या सायकलवरूनही पडायचे. दादा म्हणायचा, हिला पडायला चाकंसुद्धा लागत नाहीत.

दुपारी इंजिनं चालू झाली आणि माझी वाट लागली. क्लच सोडला की गाडी उडी मारायची आणि गप्प व्हायची. ती बंद पडली की माझा अंगठा आपोआप लाल बटणावर जायचा. मग मी स्टार्टर दाबत बसायचे, आणि गाडी ढिम्म.

"सिस्टर... बटण," तो शेजारून हळूच म्हणायचा.

"माहितेय मला." माहीत असायचंच. नेमकं तेव्हा सुचायचं नाही. "आणि सिस्टर म्हणू नका."

"का बरं?"

"दिवसभर पेशंट म्हणतात तेवढं पुरे."

"बरं झालं," तो म्हणाला, "मलाही म्हणायचं नव्हतंच."

त्याचं चष्म्याचं दुकान होतं. बहीण परदेशी जाताना तिची मोटरसायकल त्याच्या गळ्यात टाकून गेली होती. ती दुकानाबाहेर उभी राहून धूळ खात होती, म्हणून हा शिकायला आला. ना घाई, ना भीती. माझी फेरी चालू असताना तो बाजूनं चालायचा आणि माझ्याकडे असा बघत राहायचा, जणू काचेचा नंबर तपासतोय.

"तुम्ही क्लच सोडताना श्वास घेत नाही," तो म्हणाला.

"तुम्ही गाडी बघा हो, मला कशाला बघताय?"

"गाडीला काही झालेलं नाहीये."

हसू आलं. हसता हसता क्लच सुटला आणि गाडी चक्क चालायला लागली. नारिंगी शंकूंच्या रांगेला मी आख्खी फेरी मारून आले. माझ्या प्रत्येक चुकीला वाजणारी शिट्टीबाईंची शिट्टी पहिल्यांदाच वाजली नाही.

चहाच्या वेळी मी त्याला त्या जागेबद्दल सांगितलं, तेव्हा त्यानं विचारलं, "तो दवाखाना... लांब आहे का?"

"बसनं अर्धा दिवस. पास झाले तर उद्या रात्री सामान बांधायचं, परवा निघायचं."

"अच्छा," तो म्हणाला आणि हेल्मेटची काच पुसत बसला. स्वच्छ झाली तरी पुसतच होता.

रविवारी भुरभुर पाऊस होता. डांबर काळंभोर चमकत होतं. शिट्टीबाईंनी नियम सांगितला. "चालवणाऱ्याला बाहेरून कोणी काही सांगायचं नाही. जो बोलेल, तो बाद. गाडी बंद पडली तर तीनदा स्टार्टर दाबता येईल, चौथ्यांदा नाही."

वळणं झाली. शंकू झाले. शेवटी राहिलं जोरात येऊन अचानक थांबणं. मी आले, थांबले, अगदी रेषेवर... पण क्लच दाबायचा राहिला. गाडीनं आचका दिला आणि बंद पडली. ती चालू करून परत आणायची होती, मग संपलं.

स्टार्टर दाबला. काही नाही.

किल्ली बघितली, गिअर बघितला. परत दाबला. काही नाही. वॉर्डातला तो लांबलचक पांढरा दिवस डोळ्यासमोर आला. गेलं सगळं, मला वाटलं. बोटं थरथरायला लागली.

"लाल बटण!"

सगळं मैदान त्याच्याकडे वळलं. मी खाली बघितलं. बटण दाबलेलंच होतं. माझ्याच शहाण्या अंगठ्यानं. मी ते वर केलं, स्टार्टर दाबला आणि गाडी घेऊन आले.

उतरले तशी शिट्टीबाईंकडे धावले. "माझे गुण कापा, हवं तर परत घ्या परीक्षा, पण त्यांना —"

"गाडी चालू करण्याला गुण नसतात," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही पास आहात. ते बाद आहेत. मीही तिथंच उभी होते, मला नसतं सांगता आलं?" मग जरा थांबून म्हणाल्या, "पण मी नियम मोडला नाही. त्यांनी तुमच्यासाठी मोडला. जा, बोला त्यांच्याशी."

तो मैदानाबाहेरच्या ओल्या कट्ट्यावर बसला होता. हेल्मेट मांडीवर.

"वेडा आहेस का तू?" माझ्या तोंडून निघून गेलं. "कोणी सांगितलं होतं ओरडायला?"

"पास झालात ना?"

"ते नाही विचारलं मी."

त्यानं बाहीनं हेल्मेटची काच पुसली. मग म्हणाला, "तुम्ही बटण दाबलंत तेव्हाच मला दिसलं होतं. पहिल्यांदा स्टार्टर दाबलात तेव्हा मी गप्प राहिलो. दुसऱ्यांदाही राहिलो. नियमासाठी नाही... वाटलं, नापास झाल्या तर इथेच राहतील."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आला. माझं सगळं त्या बटणावर लटकलं होतं, आणि हा बघत उभा होता.

"मग बोललास कशाला?"

"तुमची बोटं थरथरताना दिसली. माझीच मला लाज वाटली. एवढ्या जोरात ओरडायचं नव्हतं, पण आवाज तेवढाच निघाला."

पाऊस त्याच्या केसांतून कपाळावर उतरत होता. माझा राग गेला नव्हता, पण पाय तिथून हलत नव्हते. हे सांगायची त्याला काही गरज नव्हती. तो फुकटात शूर ठरला असता, आणि मला जन्मात कळलं नसतं.

"यापुढे गप्प बसायचं नाही," मी त्याच्या शेजारी बसत म्हटलं. "मनात येईल ते सांगायचं. मला आवडणार नसलं तरी."

"तुम्ही जाऊ नये असं वाटतं. आणि न जाऊन चालणार नाही, असंही वाटतं."

"मी जाणार आहे."

"माहितेय. मी येईन. बसनं."

"अर्धा दिवस लागतो सांगितलं ना."

"मग अर्धा उरतो की."

"आणि परत यायला?"

तो हेल्मेटच्या काचेकडे बघत राहिला.

"गप्प बसायचं नाही," मी म्हटलं.

"परत यायचं... मनात नाहीये," तो म्हणाला. "तिकडच्या लोकांनाही चष्मे लागतच असतील."

मी त्याच्या हातातलं हेल्मेट काढून बाजूला ठेवलं आणि तो हात हातात घेतला. माझी बोटं अजून थोडी थरथरत होती. त्याचीही.