सतरा नंबरची बॅटरी

धोंडीबाच्या लेकीचं, हेमाचं लग्न झालं ते साल, १९८७. वैशाखात लग्न झालं आणि श्रावणात हे सुरू झालं. खोटं वाटत असेल तर धोंडीबा आजही हेमाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो.

डोंबिवली पश्चिमेला, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्याचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. गोमाजी कोळी त्याचं जुनं गिऱ्हाईक. मोटारीची बॅटरी होडीत ठेवून तिच्यावर बल्ब लावायचा. बॅटरीच्या अंगावर धोंडीबाने लाल रंगाने आकडा घातला होता. १७.

नारळी पौर्णिमेनंतर आठव्या दिवशी गोमाजी खाडीत गेला.

होडी मिळाली. उलटी.

गोमाजी नाही. बॅटरीही नाही.

काही दिवसांनी त्याची बायको आवडाबाई दुकानात आली. भर दुपारी. हातात हिरव्या बांगड्या तशाच.

"दादा, बत्ती किती दिस चालते?"

"बल्ब चालू असला तर दोन रात्री."

"नि बंद ठेवली तर?"

"दोन महिने. फार तर अडीच."

"मना रोज सांजचे दिसते. खाडीचे मधी."

मागून तिचा दीर भिवाजी आला. "वयनी, घरा चला. गोमाजीदादाचं दिवस घालायचं हाय. धोंडीबा, सांग हिला, तुझी बॅटरी काय अमरपट्टा घेऊन आली हाय?"

बाई रडली नाही. नुसती धोंडीबाकडे बघत राहिली. त्याला राहवलं नाही.

"बॅटरी मेली नाही तोवर माणूस मेला असं कसं म्हणायचं, आवडाबाई?"

दिलासा म्हणून बोलला. एवढंच.

तिने तेच धरून ठेवलं. दिवस घालू दिले नाहीत. बांगड्या उतरवू दिल्या नाहीत. दिवाळी गेली. अडीच महिने उलटले.

मग धोंडीबा स्वतःच दिवेलागणीला खाडीवर गेला.

पाण्यात एकही होडी नव्हती...

आणि तरी मधोमध उजेड होता. तांबूस. विझत चाललेला.

तो रंग त्याच्या ओळखीचा होता. चार्ज संपत आला की बल्ब असाच दिसतो.

दुसऱ्या दिवशी आवडाबाई डोक्यावर टोपली घेऊन आली. टोपलीत चिखलाने माखलेली बॅटरी.

"मंद झाली, दादा. भरून द्या."

कुठून तरी जुनी आणली असेल, असं त्याला वाटलं. बुचं काढली. आत पाण्याचा थेंब नव्हता. त्याने पाणी पाजलं, रात्रभर चार्जिंगला लावली.

संध्याकाळी ती न्यायला आली. टोपलीत ठेवताना वाळलेला चिखल गळून पडला...

लाल १७.

"ही... ही कुठं मिळाली?"

"त्यांनीच दिली." आवडाबाई लाजली. नव्या नवरीसारखी. "बोलले, भरून आन. मंग तुला पन नेतो."

बांगड्या वाजवत ती उतारावरून गेली. तिला अडवायचं होतं. धोंडीबा दुकानाच्या दारातच थांबला.

त्या संध्याकाळी खाडीतला उजेड पांढरा शुभ्र होता.

आठ वर्षं झाली. धोंडीबाने दुकान ठाकुर्लीला नेलं. वर्षातून एकदा तो खाडीवर जाऊन बघतो. दोन महिने, फार तर अडीच, हे त्यानेच सांगितलं होतं.

उजेड अजून पांढराच आहे.

आवडाबाई गोमाजी कोळी १४ नोव्हेंबर १९८७ रोजी, शनिवारी, संध्याकाळच्या भरतीत बुडून वारली. हातातली एकही बांगडी फुटली नव्हती.