तोटीवरचं बोट

रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला मी दोनदा नापास झालो, आणि दोन्ही वेळा प्रात्यक्षिकात. लेखी पेपरात कार्बनच्या साखळ्या असोत की क्षारांची सूत्रं, मला सगळं तोंडपाठ. पण ब्युरेटच्या उभ्या काचनळीतून थेंब थेंब अल्कली सोडायची आणि खालच्या फ्लास्कमधल्या आम्लाचा लाल रंग पिवळा झाला की त्याच थेंबाला तोटी बंद करायची, इथे माझं घोडं अडायचं. मला लाल आणि पिवळा, दोन्ही मातकटच दिसतात. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिसऱ्यांदा नापास झालो तर विद्यापीठातून नाव कमी होणार होतं.

सरावाच्या तासाला जोडीदार हळूच "झालं" म्हणायचा. परीक्षेत जोडीदार नसतो.

परीक्षेच्या आठवडाभर आधी तो आजारी पडला. भर दुपारी मी टेबलाशी एकटाच उभा होतो, डाव्या हाताची बोटं तोटीवर. त्यांच्यावर एक थंड बोट टेकलं आणि तोटी बंद झाली. ब्युरेटवरचा आकडा १८.६. पलीकडच्या टेबलावरच्या मुलीचाही तोच.

मी पुराव्याशिवाय काही मानणारा नाही. खिडकीचा वारा, हाताला आलेल्या मुंग्या, सगळं तपासलं. ब्युरेटसुद्धा बदललं. दुसऱ्या दिवशीही बोट आलं. त्याचं नख नीट कापलेलं होतं, एवढं जाणवलं. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा मला हायसंच जास्त वाटलं.

परीक्षेत बोट ९.३ लाच टेकलं.

इतरांच्या ब्युरेटमधली पातळी अठराच्या खुणेखाली उतरत होती. मी तोटी पुन्हा उघडायला गेलो. ती हलेना. नव्याने प्रयोग केला, पुन्हा ९.३. शेवटी जीव मुठीत धरून तेच लिहिलं.

परीक्षकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. बाह्या सावरून त्यांनी स्वतः प्रयोग केला. त्यांचंही ९.३ आलं. माझ्या बाटलीत चुकून निम्म्या तीव्रतेचं आम्ल भरलं गेलं होतं.

"शेजाऱ्याचा आकडा उतरवला असतास तर गेला असतास," ते म्हणाले. "नजर चांगली आहे तुझी."

त्यांनी पूर्ण गुण दिले. मी जवळजवळ पळतच घरी आलो आणि ताईला सगळं सांगून टाकलं, आधी गुण, मग रंगांचं. बोटाचं तेवढं सांगितलं नाही. छातीवरचा दगड उतरला. ती हसून हसून लालबुंद झाली असावी; मला काय कळणार.

"वेड्या, मला माहीत होतं. लहानपणी पिकलेले टोमॅटो आण म्हटलं की हिरवेगार घेऊन यायचास." तिने माझा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "सुटलास बाबा. आता कसली काळजी नाही."

तिचे हात उबदार होते. त्यांच्या आत, माझ्या बोटांवर, ते थंड बोट टेकलं.

हलकेच. शेवटच्या थेंबाला टेकायचं तसं. इथे तोटी नव्हती, पण काहीतरी संपत आलं होतं, आणि बोट कधी चुकलं नव्हतं.

ताई अजून हसत होती.