लॅम्प आणि अम्ब्रेला

"लॅम्प आणि अम्ब्रेला, या दोन शब्दांचं नातं किती रे?" गौतमीने विचारलं.

"शंभरात चार," पिंगळा म्हणाला.

पिंगळा म्हणजे आजोबांनी घडवलेला यंत्रमानव. त्याने लाखो इंग्रजी पुस्तकं वाचली होती. पण ना कधी दिवा लावला होता, ना छत्री उघडली होती. मग याला अर्थ कळतो तरी कसा? गौतमीला हेच कोडं पडलं होतं. आजोबांनी समजावलं, की पिंगळा शब्दांची संगत बघतो. 'टी' आणि 'कॉफी' या दोन्ही शब्दांच्या आसपास कप, दूध, साखर दिसते. म्हणून त्याच्या अर्थनकाशात (शब्दांना जागा नेमून देणारा नकाशा) ते शेजारीशेजारी राहतात. ज्यांची संगत वेगळी, त्यांची घरंही लांब.

तेवढ्यात आत्या परत आली. हातातला दिवा विझलेला. देवघरातली ज्योत रोज समुद्राकाठच्या देवळात पोचवायची आणि मगच जेवायचं, असा तिचा कार्तिकातला नेम होता. आज वारा पिसाटला होता. दिवा दुसऱ्यांदा विझला होता. आत्या पुन्हा वात लावायला बसली. पण तिचा चेहरा सुकून गेला होता.

लॅम्पला कोण मदत करेल, असं गौतमीने पिंगळ्याला विचारलं. त्याने तेल, वात, काडेपेटी अशी नावं घेतली. गौतमीची नजर मात्र कोपऱ्यातल्या छत्रीवर गेली.

"पाऊस नाही. अम्ब्रेला कशाला?"

"तू चल तर खरा, शहाण्या."

वाटभर तिने छत्री वाऱ्याच्या बाजूला आडवी धरली. ज्योत वाकली, थरथरली आणि देवळात पोचली. आत्याने आधी देवाला हात जोडले, मग खडीसाखर गौतमीच्या तोंडात घातली.

घरी येताच गौतमीने पुन्हा विचारलं. उत्तर तेच, शंभरात चार. ती हिरमुसली. आजोबा हसले. लाखो पुस्तकांपुढे एका संध्याकाळने नकाशा कसा हलेल? पण माणसं वस्तू जशी वापरतात, तसे शब्दही हळूहळू सरकतात, असं ते म्हणाले. मग त्यांनी पिंगळ्याला घरचा एक छोटा नकाशा दिला. त्यात आजच्या संध्याकाळपासून फक्त त्याने स्वतः पाहिलेलं जमा होणार होतं.

दुसऱ्या संध्याकाळी आत्या दिवा घेऊन वळली, तर पिंगळा उंबऱ्याशी छत्री उघडून उभा. अंगणात पानही हलत नव्हतं.

"अरे, आज वारा कुठाय?"

"असू दे, आत्या. घरच्या नकाशात हे दोघं शेजारी आहेत."

गौतमीने त्याचा थंडगार हात धरला. "तिसरा शेजारी राहिलाच की तुझा. चल, समुद्रापाशी वारा दाखवते."